लिहिणं चालू असताना

एका मशीनला माहितीचा भार पेलेनासा झाला की त्यातली थोडी उचलून दुसऱ्या मशीनवर न्यायची. ऐकायला सोपं आहे. पण उचलून न्यायचं काम करायचं कुणी? त्याच मशीननं, जे आधीच मेटाकुटीला आलंय. ताण कमी करण्यासाठी जे करायचं त्यानं आधी ताण वाढतो, आणि तो किती वाढेल हे नुसतं कागदावर सांगता येत नाही. म्हणून चाचणी घ्यावी लागते. आणि माझं म्हणणं असं आहे की या चाचण्या बहुतेक वेळा भलताच प्रश्न विचारतात. ‘इतके गिगाबाइट हलवायला किती मिनिटं लागली?’ हा तो प्रश्न. मिनिटं मोजायला हवीत हे खरंच, पण माहिती हलत होती तेव्हा जे लोक तिच्यात लिहीत होते, त्यांचं काय झालं हे त्या मिनिटांतून कळत नाही.

आधी मांडणी समजून घेऊ. मोठ्या सेवेची माहिती एका मशीनवर मावत नाही तेव्हा ती एखाद्या किल्लीनुसार वाटली जाते. किल्ली म्हणजे ग्राहक क्रमांक, ऑर्डर क्रमांक, शहर, काहीही. अशा प्रत्येक वाट्याला शार्ड म्हणतात. मॉन्गोडीबी हा डेटाबेस उदाहरणादाखल घ्यायला बरा, कारण त्याच्या आतली यंत्रणा कुणालाही वाचता येते आणि त्याच्या फजितीही जगजाहीर आहेत. त्यात किल्लीच्या एका सलग पट्ट्याला चंक म्हणतात. अनेक वर्षं चंकचं ठरलेलं माप ६४ मेगाबाइट होतं, २०२२ मध्ये आलेल्या ६.० आवृत्तीत ते १२८ झालं. कोणता चंक कुठल्या शार्डवर आहे याचा नकाशा कॉन्फिग सर्व्हरकडे असतो. बाहेरून आलेली प्रत्येक विनंती राउटरकडे जाते, आणि तो नकाशा पाहून ती योग्य दारात धाडतो. मागे बॅलन्सर नावाची एक प्रक्रिया सतत चालू असते. एका शार्डवर फार आणि दुसऱ्यावर कमी असं तिला दिसलं की ती चंक हलवायला सांगते.

हलवतात कसं? समजा, एका पतसंस्थेनं शेजारच्या पेठेत नवी शाखा काढली आणि ३०१ ते ४०० क्रमांकांची खाती तिकडे न्यायचं ठरवलं. अट एकच, काउंटर बंद ठेवायचा नाही. एक कारकून त्या खात्यांची पानं नव्या खतावणीत उतरवायला बसतो. तो उतरवत असताना खातेदार येतच असतात, पैसे भरतात, काढतात, आणि मघाशी उतरवलेलं पान शिळं होतं. म्हणून काउंटरवरचा माणूस बाजूला एक चिठ्ठी ठेवतो: ३१७ बदललं, ३५२ बदललं, परत ३१७. सगळी पानं उतरवून झाली की चिठ्ठीवरची खाती पुन्हा उतरवायची. तेवढ्यात दुसरी चिठ्ठी तयार. तीही संपवायची. चिठ्ठी अगदी आखूड झाली की मग काउंटरची काच जरा ओढून घ्यायची, उरलेली दोन-चार खाती उतरवायची, ‘ही खाती आता पलीकडच्या पेठेत’ असा फलक लावायचा आणि काच उघडायची. जुन्या खतावणीतली पानं मग सवडीनं फाडायची.

मॉन्गोडीबीत अगदी हेच चालतं, चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर बदललेल्या नोंदीचा फक्त ओळखक्रमांक असतो, आजची रक्कम मूळ नोंदीतून पुन्हा वाचली जाते. म्हणजे देणाऱ्या शार्डला प्रत्येक बदलासाठी लिहिण्याच्या जोडीला एक जादा वाचनही करावं लागतं. काच ओढलेल्या अवधीला क्रिटिकल सेक्शन असं नाव आहे. नवखे लोक समजतात की त्या वेळात फक्त हलणाऱ्या चंकमध्ये लिहिणारे थांबतात. तसं नाही. तो चंक ज्या संग्रहाचा (कलेक्शनचा) भाग आहे, त्यातलं देणाऱ्या शार्डवरचं सगळं लेखन थांबतं, आणि नकाशा बदलण्याच्या शेवटच्या टप्प्यात वाचनही. ज्याचं खातं हललंच नाही तोही रांगेत ताटकळतो. हा अवधी सहसा सेकंदाच्या आतच संपतो. सहसा.

काच कधी ओढायची? चंकच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी मजकूर उतरवायचा राहिला की ओढायला हरकत नाही, असा अलीकडच्या आवृत्त्यांचा मूळ नियम आहे. हा आकडा बदलता येतो. कमी केला तर लोक कमी वेळ ताटकळतात, पण काच ओढायची वेळ लांबत जाते. वाढवला तर स्थलांतर लवकर उरकतं आणि ताटकळणं वाढतं. आपल्या सेवेला यातलं काय परवडतं हे कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेलं नसतं.

आता थोडा हिशेब करू, कारण लेखनाचा भार किती महत्त्वाचा आहे हे आकड्यांशिवाय पटत नाही. समजा, चंकची पहिली नक्कल व्हायला २० सेकंद लागतात. त्या चंकमध्ये दर सेकंदाला २,००० बदल होतायत आणि घेणारा शार्ड दर सेकंदाला ५,००० बदल उतरवू शकतो. नक्कल संपेपर्यंत चिठ्ठी ४०,००० बदलांची झालेली असते. ती उतरवायला ८ सेकंद. त्या ८ सेकंदांत आणखी १६,००० बदल. ते उतरवायला ३.२ सेकंद, तेवढ्यात ६,४००. असं करत चिठ्ठी आखूड होत जाते आणि १३-१४ सेकंदांत संपते. छान. आता बदलांचा वेग ४,५०० करा. चिठ्ठी सुरुवातीला ९०,००० ची, आणि ती दर सेकंदाला फक्त ५०० नं घटते. तीन मिनिटं लागतील. लेखन सव्वादोन पट झालं आणि चिठ्ठी संपवायच्या या पाठलागाचा वेळ जवळपास साडेतेरा पट. वेग ५,००० ला पोचला तर पाठलाग कधीच संपत नाही. चिठ्ठी मेमरीत असते, तीही अमर्याद वाढू दिली जात नाही. ठरलेल्या मर्यादेबाहेर ती गेली की स्थलांतर रद्द होतं आणि इतका वेळ केलेली सगळी नक्कल वाया जाते. मग बॅलन्सर थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करतो. भार तसाच असेल तर पुन्हा फसतो. फसलेल्या प्रत्येक प्रयत्नाचं ओझं वाहतो मात्र तोच दमलेला शार्ड.

म्हणून शांत डेटाबेसवर घेतलेली चाचणी मला जवळजवळ निरुपयोगी वाटते. एका ठरावीक भारावर घेतलेलीही फार उपयोगाची नाही. भार एकेक पायरी चढवत न्यायचा आणि कोणत्या पायरीवर पाठलागाचा वेळ एकाएकी उसळतो ते शोधायचं. ती पायरी सापडली की निदान एवढं सांगता येतं की या भाराच्या वर गेल्यावर स्थलांतराला हात लावायचा नाही.

त्या पायरीच्या पलीकडे गेल्यावर काय होतं याचं जगात गाजलेलं उदाहरण फोरस्क्वेअरचं आहे, आणि त्यातली गोम आतापर्यंत सांगितलेल्या हिशेबातही बसत नाही. न्यूयॉर्कच्या या कंपनीचं ॲप २०१० च्या सुमारास भलतंच लोकप्रिय होतं. एखाद्या हॉटेलात, दुकानात, स्टेशनवर पोचलं की फोनवरून ‘मी इथं आहे’ अशी नोंद करायची, तिला चेक-इन म्हणत. या नोंदी मॉन्गोडीबीत होत्या, दोन शार्डवर, वापरकर्त्याच्या क्रमांकानुसार वाटलेल्या. मॉन्गोडीबीचं शार्डिंग तेव्हा अगदी कोवळं होतं. ते प्रत्यक्ष वापरायला योग्य म्हणून जाहीर झालं ते त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, १.६ आवृत्तीबरोबर. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमधल्या प्रत्येक मशीनला ६६ गिगाबाइट रॅम होती, आणि सगळी माहिती रॅममध्ये मावली पाहिजे यावर सेवेचा वेग अवलंबून होता.

दोन शार्ड सारखे वाढले नाहीत. एकावर ५० गिगाबाइट साठले, दुसऱ्यावर ६७. हे ६७ भरले ४ ऑक्टोबर २०१० च्या सोमवारी सकाळी. जादा एकच गिगाबाइट, पण त्यासाठी डिस्कवर हेलपाटे सुरू झाले, आणि डिस्क रॅमच्या मानानं कित्येक पटींनी हळू. विनंत्या तुंबल्या आणि सेवा कोलमडली. अभियंत्यांनी तिसरा शार्ड उभा केला आणि चंक हलवायला सुरुवात केली. भरलेल्या शार्डवरची पाच टक्के माहिती नव्या घरी गेलीही. हिशेबानं आता ६७ चे साडेत्रेसष्ट व्हायला हवेत, म्हणजे रॅममध्ये आरामात. प्रत्यक्षात काहीच बदललं नाही. डिस्कवरचे हेलपाटे तसेच चालू.

मॉन्गोडीबी बनवणाऱ्या कंपनीचे तेव्हाचे तंत्रप्रमुख एलियट होरोविट्झ यांनी नंतर याचा जाहीर खुलासा लिहिला. एक चेक-इन सुमारे ३०० बाइटचं असायचं. डेटाबेस डिस्कवरून रॅममध्ये माहिती आणतो ती ४ किलोबाइटच्या पानांत. म्हणजे एका पानावर तेरा चेक-इन. ती वेळेच्या क्रमानं लिहिलेली, त्यामुळे एकाच पानावर तेरा वेगवेगळ्या माणसांची. पाच टक्के माणसं दुसरीकडे गेली म्हणजे पानांपानांतून एखादंदुसरं चेक-इन निघालं. आपण हिशेब मांडून पाहू शकतो. कोणत्याही पानावरून निदान एक नोंद जाण्याची शक्यता ४९ टक्के निघते, म्हणजे निम्मी पानं विरळ झाली. पण एखादं पान पूर्ण रिकामं व्हायला त्यावरची तेराच्या तेरा माणसं त्या पाच टक्क्यांत असायला हवीत. ६७ गिगाबाइटमध्ये अशी सुमारे पावणेदोन कोटी पानं असतात. त्यांतलं एकही रिकामं होण्याची शक्यता मोजायला घेतली तर दशांश चिन्हानंतर शून्यंच शून्यं लिहावी लागतात. रॅम लागते ती पानांना, नोंदींना नाही. माहिती हलली, मशीन हलकं झालं नाही.

शेवटी शार्ड बंद ठेवून सगळी माहिती नव्यानं दाबून लिहावी लागली. क्लाउडच्या डिस्क हळू, त्यामुळे नुसत्या त्या कामाला चार तास गेले. सेवा एकूण अकरा तास बंद राहिली.

आता चाचणीच्या दृष्टीनं हे प्रकरण पुन्हा पाहा. समजा, त्यांनी महिनाभर आधी प्रयोगशाळेत याची रंगीत तालीम केली असती. चाचणीसाठी माहिती बनवायची म्हणजे आपण काय करतो? एक छोटा प्रोग्रॅम लिहितो. वापरकर्ता एक, त्याची शंभर चेक-इन. वापरकर्ता दोन, त्याची शंभर. असं लाखभर. प्रोग्रॅम लिहायला हेच सोपं पडतं. पण अशा माहितीत एका माणसाच्या नोंदी शेजारीशेजारी, सलग पानांवर बसतात. त्यातले पाच टक्के वापरकर्ते हलवले तर जवळजवळ बरोबर पाच टक्के पानं रिकामी होतात, रॅम मोकळी होते आणि अहवालात हिरवी खूण पडते. तोच डेटाबेस, तेच मशीन, तेवढ्याच नोंदी, आणि उत्तर नेमकं उलटं. फरक एवढाच की खरी माहिती जुनी झालेली असते. ती लाखो लोकांनी आपापल्या वेळी लिहिलेली असते, मधल्या काही पुसलेल्या, काही वाढून दुसरीकडे सरकलेल्या. चाचणीची माहिती आज सकाळी भरलेली असते.

यावर उपाय आहेत, फक्त कंटाळवाणे आहेत. खऱ्या माहितीची नावगाव पुसलेली प्रत वापरायची, आणि तीही फाइलींची जशीच्या तशी नक्कल करून. एकीकडून नोंदी वाचून दुसरीकडे भरल्या तर भरताना त्या पुन्हा नीटनेटक्या बसतात आणि मुद्दाच निसटतो. खरी प्रत मिळत नसेल तर कृत्रिम माहिती भरून तिला म्हातारी करायची: कित्येक तास यादृच्छिक क्रमानं लिहा, पुसा, वाढवा, आणि मगच स्थलांतर सुरू करा. मॉन्गोडीबीचं साठवण-इंजिन आता बदललंय. २०१५ च्या ३.२ आवृत्तीपासून वायर्डटायगर हे मूळ इंजिन आहे आणि पानांची गणितं वेगळी झाली आहेत. तरी पुसलेल्या नोंदींची जागा फाइलमध्ये तशीच राहते आणि पुढच्या लेखनाला वापरली जाते, डिस्कला आपसूक परत मिळत नाही. म्हातारी माहिती आजही वेगळी वागते.

माहितीनंतर प्रश्न येतो लिहिणाऱ्यांचा. चाचणीत खरी माणसं नसतात, भार निर्माण करणारा प्रोग्रॅम असतो. याहूच्या संशोधन विभागात ब्रायन कूपर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘याहू क्लाउड सर्व्हिंग बेंचमार्क’ प्रसिद्ध केला. वायसीएसबी या नावानं तो आजही सगळीकडे वापरला जातो. त्याची ठेवण शहाणपणाची आहे. काही किल्ल्या फार लोकप्रिय, बाकीच्यांना क्वचित कुणी विचारतं, हे वास्तव तो धरतो. पण त्या लोकप्रिय किल्ल्या तो मुद्दाम सगळ्या पट्ट्यांत विखरून टाकतो. वेगाच्या साध्या तुलनेला ते ठीक. स्थलांतराच्या चाचणीत मात्र त्यामुळे कुठलाही एक चंक विशेष तापत नाही. मघाच्या हिशेबातला बदलांचा वेग प्रत्येक चंकसाठी माफक राहतो आणि पाठलाग नेहमी सुखरूप संपतो. खऱ्या जगात किल्ली तारखेवर किंवा चढत्या क्रमांकावर आधारलेली असली की आजचं सगळं लेखन शेवटच्या एका चंकमध्येच कोसळतं. तोच चंक फुगतो, तोच फुटतो आणि बॅलन्सरला हलवावासाही तोच वाटतो. चाचणीत एक तरी तापलेला चंक असायलाच हवा.

याहून छुपी फसवणूक घड्याळाची आहे. बहुतेक भार-प्रोग्रॅम एक विनंती पाठवतात, उत्तराची वाट पाहतात, लागलेला वेळ टिपतात आणि मग पुढची पाठवतात. समजा, दर १० मिलिसेकंदांना एक विनंती जावी असं ठरलंय, म्हणजे १०० सेकंदांत १०,०००. एरवी प्रत्येकीला २ मिलिसेकंद लागतात. मध्येच क्रिटिकल सेक्शनमुळे सगळं एक सेकंद थांबलं. प्रोग्रॅमची एक विनंती अडकली, तिला सेकंद लागला, आणि त्या सेकंदात त्यानं दुसरी पाठवलीच नाही. अहवालात सुमारे ९,९०० नोंदी येतात, त्यांत वाईट एकच. ९९.९ टक्के विनंत्या २ मिलिसेकंदांत पूर्ण, असं अगदी प्रामाणिकपणे छापून येतं.

पण माणसं प्रोग्रॅमसारखी एकमेकांसाठी थांबत नाहीत. त्या सेकंदात शंभर वेगवेगळ्या लोकांनी बटण दाबलं असतं. पहिल्याला पूर्ण सेकंद, दुसऱ्याला ९९० मिलिसेकंद, असं उतरत शेवटच्याला दहाबारा. म्हणजे शंभरात एक माणूस अडकला, आणि सर्वात वाईट हजाराव्या हिश्श्याला ९०० मिलिसेकंदांहून जास्त वाट पाहावी लागली. एकाच घटनेचे हे दोन अहवाल: दोन मिलिसेकंद आणि नऊशे. अझुल सिस्टिम्सचे गिल टेने यांनी या दोषाला कोऑर्डिनेटेड ओमिशन असं नाव दिलं आणि वर्षानुवर्षं भाषणं देऊन लोकांच्या गळी उतरवलं. चाचणी घेणारा आणि चाचणी देणारा जणू संगनमत करून वाईट क्षण वगळतात. उपाय त्यांनीच सांगितलाय: विनंती कधी गेली यापेक्षा ती कधी जायला हवी होती, तिथून घड्याळ लावायचं. त्यांचं डब्ल्यूआरके-टू हे साधन तसंच मोजतं, आणि वायसीएसबीतही पुढे तशी सोय झाली. स्थलांतराच्या चाचणीत हे न पाळणं सगळ्यात महागात पडतं, कारण स्थलांतराचा त्रास सरासरीत कधी दिसत नाही. तो अशा छोट्या, संपूर्ण थांबलेल्या क्षणांत साठलेला असतो.

नव्या शार्डची गोष्ट लोकांना आणखी एका बाबतीत चकवते. २०१६ च्या ३.४ आवृत्तीपासून मॉन्गोडीबीत एका वेळी अनेक स्थलांतरं होऊ शकतात, पण एक शार्ड एका वेळी एकाच स्थलांतरात भाग घेऊ शकतो. दहा शार्ड असतील तर जास्तीत जास्त पाच जोड्या. आता दहा भरलेल्या शार्डना अकरावा रिकामा जोडलात तर देणारे दहा असले तरी घेणारा एकच, म्हणून चंक एकामागोमाग एकच येणार. ५०० गिगाबाइट न्यायचे असतील आणि चंक १२८ मेगाबाइटचा असेल तर ४,००० फेऱ्या. एका फेरीला अर्धं मिनिट धरलं तरी ३३ तास. दोन शार्ड एकदम जोडले तर तोच वेळ निम्मा होऊ शकतो. खर्चाच्या बैठकीत ‘आधी एक जोडून बघू’ असं म्हणणाऱ्यांना हा हिशेब दाखवावा.

आणि पानं फाडायचं काम अजून बाकीच आहे. फलक लागला म्हणजे स्थलांतर झालं असं नकाशा मानतो, पण जुन्या शार्डवरच्या नोंदी तिथंच पडून असतात. त्यांना ऑर्फन म्हणतात, अनाथ. त्या लगेच पुसत नाहीत, कारण शार्डच्या मुख्य मशीनच्या जोडीला ठेवलेल्या प्रतींवर कुठंतरी एखादी लांबलचक चौकशी अजून त्याच वाचत असेल. अनेक आवृत्त्यांत थांबण्याचा ठरलेला अवधी ९०० सेकंदांचा आहे, म्हणजे पंधरा मिनिटं. त्यानंतर पुसणं सुरू होतं, आणि पुसणं हेही लेखनच: निर्देशांक बदलतात, प्रत्येक प्रतीकडे तो बदल पोचवावा लागतो, डिस्कवर काम पडतं, आणि पुसण्यासाठी म्हणून थंड पडलेली पानं रॅममध्ये ओढून आणावी लागतात. ती आली की गरम पानांना जागा सोडावी लागते. स्थलांतरात देणाऱ्याला सर्वाधिक त्रास कधीकधी याच टप्प्यात होतो, सगळे निवांत झाल्यावर. दहा मिनिटांची चाचणी घेणाऱ्याला हा टप्पा दिसणारच नाही. कुणी थांबण्याचा कालावधी शून्य करून चाचणी उरकतं, मग पुसणं आणि पुढच्या चंकची नक्कल एकमेकांवर आदळतात आणि चित्र विनाकारण भीतिदायक दिसतं. दोन्ही खोटंच. प्रत्यक्ष सेवेत जो अवधी राहणार तोच ठेवून, निदान तास-दोन तास, बरीच स्थलांतरं आणि त्यांच्यामागचं पुसणं एकमेकांत मिसळेपर्यंत चाचणी चालू ठेवायला हवी.

क्लाउडमधल्या मशीनवर चाचणी घेतली की आकडे रोज वेगळे येतात, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. मॉन्गोडीबीच्या अभियंत्यांनी यावर बरंच काम करून लिहून ठेवलंय. मशीनला जोडलेली स्थानिक एसएसडी डिस्क जास्त स्थिर असणार असं त्यांनी धरलं होतं. मोजल्यावर उलटंच दिसलं: ठरावीक वेगाची हमी देणारी, नेटवर्कवरून जोडलेली डिस्क अधिक स्थिर निघाली. दोन दिवसांच्या आकड्यांची तुलना करून ‘दहा टक्क्यांनी मंदावलं’ अशी बोंब मारणंही त्यांनी सोडलं. आकड्यांच्या लांबलचक मालिकेत पातळी नेमकी कुठं बदलली हे संख्याशास्त्रीय पद्धतीनं शोधायला लागले. छोट्या गटांना एवढा पसारा झेपत नाही. त्यांनी निदान एकच चाचणी पुन्हापुन्हा घेऊन, काहीही न बदलता आकडे किती हेलकावतात, ते आधी पाहावं. त्या हेलकाव्यापेक्षा लहान फरकावर वाद घालू नये.

राहता राहिली ती चाचणी, जी घ्यायला कुणीच उत्सुक नसतं: स्थलांतर मध्येच मोडलं तर? नक्कल अर्धी झालीय आणि घेणाऱ्या शार्डचं मुख्य मशीन बंद पाडलं. किंवा काच ओढलेली आहे आणि देणाऱ्याचं मुख्य मशीन गेलं. नवं मुख्य मशीन निवडलं जाईपर्यंत लिहिणाऱ्यांचं काय होतं, त्यांच्या नोंदी दोन्हीकडे, एकीकडे की कुठंच नाहीत, अर्धवट नक्कल कोण आणि कधी पुसतं? हे बघायचं तर भार चालू असतानाच बघायला हवं, आणि प्रत्येक लेखनाचा हिशेब भार-प्रोग्रॅमकडे स्वतंत्र असायला हवा. ‘लिहिलं’ असं उत्तर मिळालेली प्रत्येक नोंद शेवटी सापडली पाहिजे, एकदाच.

त्याच चाचणीत आणखी एक आकडा मोजून ठेवावा. रात्री दोनला कुणीतरी घाबरून बॅलन्सर थांबवण्याची आज्ञा देणारच आहे. ती आज्ञा चालू स्थलांतर अर्ध्यावर तोडत नाही. हातातला चंक पूर्ण होईपर्यंत वाट पाहते, आणि आधी हललेल्या चंकांच्या अनाथ नोंदींचं पुसणं त्यानंतरही चालू राहतं. मघाच्या हिशेबातला सेकंदाला ४,५०० बदलांचा चंक हातात असेल तर नुसता पाठलागच तीन मिनिटांचा. आज्ञा दिल्यापासून लिहिणाऱ्यांचा वेळ पूर्ववत होईपर्यंत किती मिनिटं जातात, हे भाराच्या प्रत्येक पायरीवर टिपून तो तक्ता रात्रपाळीच्या माणसाकडे द्यावा, म्हणजे तिसऱ्या मिनिटाला तो मशीनच बंद करायला धावणार नाही.